दिवाणी कोर्टाचं साक्षी समन्स आलंय – जायचं की मुलीकडे पुण्याला निघून जायचं?

सातपूरवाले_काका

नमस्कार मंडळी. वय ६९, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आयुष्यात कोर्टाची पायरी चढलो ती फक्त एकदा, तीही नाशिकच्या सीबीएसवर (कोर्टाजवळचं मध्यवर्ती बसस्थानक) पाऊस आला म्हणून आडोशाला.

गेल्या मंगळवारी आम्ही दोघं त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. मागे बेलीफ येऊन सुनेच्या हातात कागद देऊन गेला. 'साक्षीदारास समन्स'. वर दाव्याचा नंबर, वादी-प्रतिवादी, खाली गोल शिक्का आणि पुढच्या महिन्यातली तारीख. अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता हजर राहावे, कसूर केल्यास कायद्याप्रमाणे कारवाई होईल. त्या 'कसूर' शब्दाने आमच्या हिची झोप उडाली आहे.

प्रकरण असं. आमच्या कॉलनीतल्या एका मित्राने २०१४ साली मृत्युपत्र केलं. रविवारी सकाळी हाक मारली, "ये रे, दोन सह्या करायच्यात." मी गेलो, त्याने माझ्यासमोर सही केली, मी आणि आणखी एकाने साक्षीदार म्हणून केली, पोहे खाल्ले, घरी आलो. आत काय लिहिलंय ते वाचलंही नाही. २०२१ मध्ये मित्र गेला. दुसरा साक्षीदार त्याच्याही आधी गेला. आता मुलगा आणि मुलगी भांडतायत, आणि मधे मी.

दोघंही माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. मुलगा परवा फोनवर म्हणाला, "काका, तुम्ही नाही आलात तरी चालेल." ही म्हणते तारीख होईपर्यंत पुण्याला लेकीकडे जाऊ. आणि कागद मी घेतलेलाच नाही, सुनेने घेतला, म्हणजे मला समन्स लागलंच नाही असंही एक जण म्हणाला. खरं काय?

मिसळ_तर्रीबाज

काका, फुकटचे पोहे कधीच फुकट नसतात.

काळा_कोट_निफाड

काका, पहिली गोष्ट, तुमच्यावर कुणी केस केलेली नाही. समन्स शब्द एकच असल्याने गल्लत होते. प्रतिवादीला जातं ते दाव्याचं समन्स: तुझ्याविरुद्ध दावा आलाय, येऊन म्हणणं दे. तुम्हाला आलंय ते साक्षीदाराचं. इंग्रजी मालिकांमध्ये सबपीना म्हणतात ते हेच. तुमच्याकडे माहिती आहे, ती कोर्टाला हवी आहे, एवढाच अर्थ.

आता तुम्हीच का, ते सांगतो. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. आणि ते कोर्टात शाबीत करायचं तर त्यातला निदान एक, हयात आणि साक्ष देण्याच्या स्थितीत असेल तर, बोलवावाच लागतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ६७ आहे. मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरी यातून सुटका नाही, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. दुसरे साक्षीदार वारले आहेत. म्हणजे त्या रविवारचं सांगू शकणारे कायद्याच्या नजरेत तुम्ही एकटेच उरलात. "नाही आलात तरी चालेल" हे कोण म्हणतंय आणि का म्हणतंय, ते यावरून ताडा.

आत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत नाही याने काही बिघडत नाही. साक्षीदाराला मजकूर माहीत असावा लागत नाही. मित्राने तुमच्यासमोर सही केली आणि तुम्ही त्याच्यासमोर केलीत, हा तुमच्या साक्षीचा गाभा.

हे समन्स असंच हवेतून येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, आदेश १६. न्यायाधीशांनी वादाचे मुद्दे ठरवले की पंधरा दिवसांच्या आत पक्षकाराने साक्षीदारांची यादी द्यायची. मग समन्ससाठी अर्ज, आणि त्यात हा साक्षीदार कशासाठी हवाय ते लिहायचं. 'आवश्यक आहे' एवढं खरडून भागत नाही. अर्जानंतर सात दिवसांच्या आत तुमचा प्रवासखर्च आणि एका दिवसाचा भत्ता कोर्टात भरायचा. त्यानंतर न्यायाधीशांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का होऊन कागद बाहेर पडतो. म्हणजे मुलीने (वादी तीच असावी) तुमच्यासाठी अर्ज केला, पैसे भरले, कोर्टाने ते मान्य केलं, एवढं झाल्यावर तुमची बेल वाजली. पुण्याला जाऊ नका.

सातपूरवाले_काका

वकीलसाहेब, आभारी आहे. मुलगीच वादी आहे, बरोबर ओळखलंत. पण सुनेने घेतलेल्या कागदाचं काय?

नाझर_शाखेतला_जुना

काका, याचं उत्तर मी देतो. एकतीस वर्षं बेलीफ म्हणून काढली, निम्मी नाशकात, निम्मी निफाड-पिंपळगाव पट्ट्यात. आता गुडघे गेले, पण पत्ते अजून तोंडपाठ आहेत.

सुनेने घेतलं ते चालतं. साक्षीदाराचं समन्सही प्रतिवादीच्या समन्ससारखंच बजवायचं असा नियम आहे. माणूस घरी नसेल, लवकर सापडण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान व्यक्तीला देता येतं, बाई असो वा पुरुष. नोकराला दिलेलं चालत नाही. घरकाम करणाऱ्या मावशींच्या हातात कागद देऊन आलेला एक पोरगा आमच्याकडे होता. न्यायाधीशांनी त्याला समोर उभं करून विचारलं, "त्या कोण?" तेव्हापासून तो दारातच नातं विचारायला लागला.

बरं, कागद घ्यायला नकार देऊनही सुटका होत नाही. "मी सही करणार नाही" म्हटलं की आम्ही एक प्रत दारावर चिकटवायचो. मग अहवाल लिहायचा: किती वाजता गेलो, काय बोलणं झालं, घर कुणी दाखवलं, चिकटवताना समोर कोण होतं, त्यांची नावं-पत्ते. अहवाल शपथेवर असतो, नाहीतर कोर्ट बेलीफलाच पिंजऱ्यात उभं करून शपथेवर विचारतं. मी दोनदा उभा राहिलोय. दुसऱ्या वेळी समोरचे वकील म्हणाले, "दार कुठल्या रंगाचं होतं?" मी म्हणालो, "साहेब, दार नव्हतंच, पडदा होता, म्हणून चौकटीला लावलं." अख्खं कोर्ट हसलं, पण बजावणी धरली गेली.

खरी अडचण माणसाच्या नकाराची नसते, पत्त्याची असते. लोकांना वाटतं बेलीफ टाळतो. अहो, पत्ता काय लिहून देतात? 'पेठ रोड, मारुती मंदिराजवळ, नाशिक'. पेठ रोडला मारुतीची देवळं किती, मोजून सांगा मला. निफाडकडे तर नुसता गट नंबर. द्राक्षांच्या सीझनला घरी कुलूप, माणूस मळ्यात, आणि मळा गावापासून चार किलोमीटर आत. पहिल्या फेरीत कागद परत जायचा, शेरा 'सदर पत्त्यावर मिळून आले नाहीत'. पुढची तारीख दीड महिन्याने. पक्षकार मग नाझर शाखेत, म्हणजे कोर्टाच्या समन्स बजावणाऱ्या विभागात, येऊन आमच्यावर ओरडायचा, की "तीन तारखा गेल्या!" त्याला विचारायचो, फोन नंबर दिलास का? गल्ली दाखवायला कुणी दिलंस का? तर गप्प.

२०१५ च्या सिंहस्थात पंचवटीतली समन्सं मी पायी बजावली आहेत. पर्वणीच्या आदल्या दिवशी गाड्या बंद. काळाराम मंदिराच्या मागच्या बोळात एका साक्षीदाराने कागदही घेतला आणि मला प्रसादाचा शिराही दिला.

आता पोरांकडे मोबाईल आहे. एनस्टेप नावाच्या ॲपवर बजावणीच्या जागी उभं राहून नोंद करावी लागते, ठिकाण आपोआप नोंदलं जातं. चहाच्या टपरीवर बसून 'मिळून आले नाहीत' लिहिण्याचे दिवस गेले. (आमच्यातही तसे होते, नाही म्हणत नाही.)

इंदिरानगर_आरती

जुन्या भाऊंचं पत्त्याचं म्हणणं शंभर टक्के. मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे समन्स काढणारी. आमचा बांधाचा वाद. सरकारी मोजणी झाली होती, ती करणारा भूकरमापक साक्षीला हवा होता. मी यादीत त्याचं नाव आणि त्याच्या तेव्हाच्या कार्यालयाचा पत्ता दिला. समन्स गेलं, परत आलं: बदली झाली. नवीन ठिकाण शोधायला मी पाच फेऱ्या मारल्या. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण तिथे प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवत होतं. शेवटी कळलं, नंदुरबारला. तिथे समन्स पोचेपर्यंत तारीख उलटून गेली होती. तिसऱ्यांदा माझ्या वकिलांनी हमदस्त मागितलं. मी स्वतः एसटीने नंदुरबारला गेले. त्या गृहस्थांनी बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, साहेबांमार्फत पाठवा."

मला रडूच आलं, खरं सांगते. साडेपाच तास परतीच्या बसमध्ये तो कागद मांडीवर.

काळा_कोट_निफाड

ताई, हमदस्त हे कोर्टाच्या परवानगीने मिळतं, नियम ७-अ. न्यायाधीशांची सही आणि शिक्का असलेली प्रत पक्षकाराने साक्षीदाराच्या हातात स्वतः द्यायची. समोरच्याने नाकारली तर तिथे वाद घालायचा नाही. परत येऊन अर्ज द्यायचा, कोर्ट तेच समन्स पुन्हा काढून नेहमीच्या मार्गाने पाठवतं. गेल्याचा पुरावा म्हणून तिकीट जपून ठेवायचं.

आणि तो कर्मचारी अगदीच चुकीचं बोलला असं नाही. सरकारी नोकर, रेल्वे किंवा स्थानिक संस्थेचा माणूस असेल तर कार्यालय प्रमुखामार्फत बजावणीची सोय कायद्यात आहे. देवळालीच्या तोफखान्यातला जवान साक्षीदार असेल तर समन्स कमांडिंग ऑफिसरकडे जातं. नाशिकरोड कारागृहातल्या बंद्याची साक्ष हवी असेल तर प्रकरणच वेगळं, आदेश १६-अ. कोर्ट त्याला हजर करायचा आदेश देऊ शकतं, पण तुरुंग पंचवीस किलोमीटरपेक्षा लांब असेल तर आधी कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाने तिथे जाऊन, साक्ष घेऊन भागतंय का ते पाहायचं. नाशिकरोडहून सीबीएसजवळचं कोर्ट त्याच्या आतच येतं.

एक गोष्ट मात्र मला तुमच्या वकिलांना विचारावीशी वाटते. तुम्हाला माणूस हवा होता की कागद?

इंदिरानगर_आरती

आधी कागद. मोजणीचा नकाशा. माणूस नंतर, समोरच्यांनी नकाशावर हरकत घेतल्यावर.

काळा_कोट_निफाड

तेच. बहुतेकांचे महिने इथे वाया जातात. नुसता कागद हवा असेल तर 'कागदपत्र हजर करण्यासाठी' असं समन्स निघतं. ते व्यक्तीच्या नावाने नको, पदाच्या नावाने काढावं, म्हणजे बदलीचं शुक्लकाष्ठ लागत नाही. त्यात साहेबांनी स्वतः यायलाही नको. लिपिकाबरोबर दप्तर पाठवलं तरी समन्स पाळलं असं धरतात, नियम ६. फक्त कुठला कागद ते नीट लिहा. 'सर्व संबंधित कागदपत्रे' लिहिलंत की कार्यालय काहीच आणत नाही आणि त्यात त्यांची चूकही नसते.

पण आणलेला कागद म्हणजे शाबीत झालेला कागद नव्हे. दप्तर घेऊन आलेला लिपिक साक्षीदार ठरत नाही, त्याचा उलटतपास घेता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम १३९ यासाठीच होतं. आणि सातबारा, फेरफार, नोंदणीकृत खरेदीखत असल्या गोष्टींना तर समन्सच कशाला? त्यांच्या प्रमाणित नकला काढा, दाखल करा. दुय्यम निबंधकाला कोर्टात आणायचा हट्ट धरणारे पक्षकार मी पाहिलेत. फक्त भावाला दाखवायचं असतं की "बघ, साहेब आणला."

बँकेतला_बाबू

आमच्याकडे असली समन्सं ढिगाने येतात. 'अमुक खात्याची मूळ वही घेऊन शाखाधिकाऱ्यांनी हजर राहावे.' बँक दाव्यात पक्षकार नसेल तर खास कारण नोंदवून कोर्टाने आदेश दिल्याशिवाय आमच्या अधिकाऱ्याला वह्या घेऊन यायला भाग पाडता येत नाही. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, तोही १८९१ चा. प्रमाणित उतारा पुरेसा असतो. मार्चअखेरीला मॅनेजरला दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसवून काय मिळतं कुणास ठाऊक.

मिसळ_तर्रीबाज

मॅनेजरला शांतता मिळते.

प्रश्नपत्रिका

मूळ प्रश्न राहिलाच. काका गेलेच नाहीत तर? पोलीस येणार का घरी?

काळा_कोट_निफाड

लगेच नाही. आधी कोर्ट बजावणी खरंच झाली का ते पाहतं. झाली असेल, साक्ष महत्त्वाची असेल आणि सबळ कारणाशिवाय माणूस आला नसेल, तर आदेश १६ नियम १० प्रमाणे हजर राहण्याचा जाहीर हुकूम (जाहीरनामा) निघू शकतो, जामीनपात्र किंवा विनाजामीन वॉरंट निघू शकतं, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. नियम १२ मध्ये दंड पाचशेपर्यंत. कलम ३२ मध्ये पाच हजारांपर्यंत, शिवाय दिवाणी तुरुंगाचीही तरतूद आहे. हे सगळं कागदावर आहे. माझ्या वकिलीत विनाजामीन वॉरंटपर्यंत गेलेले साक्षीदार हाताच्या बोटांवर मोजता येतील. बहुतेकदा पुढची तारीख मिळते, आणि मग पुढची. या 'चालतंय'मुळेच दावे वीस वर्षं चालतात, म्हणून मी कुणालाही 'एक तारीख चुकवा' असा सल्ला देत नाही.

आजारपण असेल तर डॉक्टरांच्या कागदासह आधी कळवावं. अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदाराच्या घरी कोर्ट कमिशनर जाऊन साक्ष नोंदवतो.

कोथरूडला_गेलेला_नाशिककर

एक शंका. काका पुण्याला गेलेच असते तरी काय झालं असतं? शंभर किलोमीटरच्या बाहेरच्या साक्षीदाराला बोलवता येत नाही असं ऐकलंय. पुणे तर दोनशेच्या वर.

काळा_कोट_निफाड

अर्धवट ऐकलंय. नियम १९. शंभरच्या आत असेल तर प्रश्नच नाही. पण एकूण अंतराच्या पाच षष्ठांश भागात रेल्वे किंवा नियमित सार्वजनिक वाहन असेल तर मर्यादा पाचशे किलोमीटर होते. नाशिक-पुणे एसटी दिवसभर चालू असते. म्हणजे काकांना नियम १९ वाचवणार नाही, शिवशाही घेऊन यावंच लागेल. नागपूरचा साक्षीदार असता तर कमिशन किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा विचार करावा लागला असता.

सॅन_होजेहून_पंचवटीकर

इथे अमेरिकेत सबपीनाचा कारभार बघून मी चक्रावलो होतो. आमच्या कंपनीच्या एका दाव्यात मला आला. फेडरल कोर्टाच्या नियम ४५ प्रमाणे क्लार्क सही केलेला कोरा नमुना देतो, किंवा त्या कोर्टात वकिली करू शकणारा वकील स्वतःच सही करून काढतो. न्यायाधीशाकडे अर्ज वगैरे काही नाही. आणि बजावायला बेलीफ नाही: अठरा वर्षांवरचा, दाव्यात पक्षकार नसलेला कुणीही चालतो. माझ्याकडे एक कॉलेजातला पोरगा स्केटबोर्डवरून आला. सोबत एका दिवसाचे चाळीस डॉलर आणि मैलांप्रमाणे प्रवासखर्च. तिथेही शंभरच आहे, फक्त मैल: राहतो किंवा काम करतो तिथून शंभर मैलांच्या आत. राज्यांच्या कोर्टांचे नियम परत वेगळे.

नाझर_शाखेतला_जुना

वकीलच सही करतो? मग आमच्याकडे नाझर शाखेत जी रांग लागते तिचं काय करतात ते?

सॅन_होजेहून_पंचवटीकर

रांग नाही भाऊ, पण नंतर भांडण. कागद मागणाऱ्या सबपीनावर चौदा दिवसांत हरकत घेता येते, मग दोन्हीकडचे वकील महिनाभर पत्रं लिहितात. तुमच्याकडे चाळणी आधी लागते, इथे नंतर.

गोदाकाठचा_टेकी

एवढा व्याप कशाला? व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकायची, दोन निळ्या टिका आल्या की बजावणी झाली. हायकोर्टानेच सांगितलंय.

काळा_कोट_निफाड

इतकं सरळ नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अंमलबजावणीच्या प्रकरणात, नोटीस टाळणाऱ्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ उघडली गेल्याचं पाहून ती बजावणी मान्य केली होती. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या काळात ईमेलच्या जोडीने अशा साधनांना मुभा दिली. संहितेतही टपाल, कुरिअर, ईमेल आहेतच. पण कुठल्या मार्गाने पाठवायचं ते कोर्ट ठरवतं. पक्षकाराने आपल्या मनाने फोटो काढून पाठवला म्हणजे समन्स बजावलं असं होत नाही.

इंदिरानगर_आरती

उलट व्हॉट्सॲपवर 'कोर्ट समन्स' आलं की आधी संशय घ्या! माझ्या मावशीला आलं होतं, शिक्क्यासकट, आणि मागोमाग व्हिडिओ कॉल, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे." असली अटक कायद्यात नाहीच. खऱ्या समन्सवरचा दाव्याचा नंबर किंवा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की तारीख, कोर्ट, पक्षकार सगळं दिसतं. काका, तुम्हीही टाकून बघा.

सातपूरवाले_काका

नातवाने टाकून दाखवलं. सगळं बरोबर आहे. पुण्याचं तिकीट रद्द केलं, हिचा चेहरा उतरला, पण ते असो.

आता भीती वेगळीच आहे. अकरा वर्षांपूर्वीचं काय काय आठवणार? आणि काल मुलाचा परत फोन, "काका, बाबांची तब्येत तेव्हा बरी नव्हती एवढंच सांगा." मी काही बोललो नाही.

काळा_कोट_निफाड

काका, पुन्हा तसा फोन आला तर "जे पाहिलं ते सांगीन" एवढं म्हणून ठेवून द्या. दबाव वाढला तर कोर्टात सांगा.

आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. साक्षीदार सगळ्यात जास्त घसरतो तो आठवत नसलेलं सांगायला गेल्यावर. मूळ मृत्युपत्र समोर ठेवतील, सही ओळखायला सांगतील. चष्मा विसरू नका. आधार कार्ड घ्या, समन्स घ्या.

आणखी एक. पक्षकार स्वतःहून आणतो त्या साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो. समन्सने आलेल्यावर ते बंधन नाही, सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. त्यामुळे तुम्हाला कुणी आयतं टाईप केलेलं आणून "इथे सही करा" म्हटलं तर करू नका. कोर्टात विचारतील, तिथे तोंडाने सांगा. आणि साक्ष झाली तरी न्यायाधीश "जा" म्हणेपर्यंत निघू नका.

नाझर_शाखेतला_जुना

आणि भत्ता मागून घ्या! नियमाने तो समन्सबरोबरच हातात द्यायचा, पण तो साक्षीदार स्वतः भेटला तर. तुमचं सुनेने घेतलं, म्हणजे पैसे कोर्टातच पडून असणार. लाजून न घेता जाणारे पुष्कळ. तो तुमच्या नावाने भरलेला पैसा आहे.

सातपूरवाले_काका (सात आठवड्यांनंतर)

मंडळी, धागा वर काढतो. झाली साक्ष.

पहिल्या तारखेला गेलो तर मुलाच्या वकिलांनी मुदत मागितली. अकरापासून सव्वातीनपर्यंत बाकावर. पुकारा झाला तेव्हा मी उभा राहिलो, न्यायाधीश बाईंनी विचारलं, "पुढच्या तारखेला याल का?" मी "हो" म्हणालो, त्यांनी ते लिहून घेतलं. वेगळं समन्स नाही.

दुसऱ्या तारखेला दुपारनंतर नंबर आला. सरतपास दहा मिनिटांत संपला. कागद समोर ठेवला आणि मला माझी सही दिसली, त्याच्या सहीच्या खाली. त्याचा 'र' नेहमी पोटात घेतलेला असायचा, तोही तसाच. मी थोडा वेळ काही बोललोच नाही. बाईंनी पाणी द्यायला सांगितलं.

उलटतपास पाऊण तास. शाई निळी होती की काळी? समोर आहे साहेब, निळी दिसतेय. त्या दिवशी त्यांना ताप होता? आठवत नाही. औषधं चालू होती? बीपीची होती, माझीही आहेत. मृत्युपत्र त्यांनी वाचलं होतं? माझ्यासमोर नाही. पोहे कुणी केले होते? यावर मुलीच्या वकिलांनी हरकत घेतली, पण मी सांगून टाकलं, "वहिनींनी." मुलगा मागच्या बाकावर होता. तो खाली बघत होता.

बाहेर आल्यावर मुलगी पाया पडायला वाकली, मी म्हटलं, आज नको, निकाल लागू दे, दोघंही या घरी. मुलगा लांबून हात करून गेला. तो हात रागाचा होता की नव्हता, कळलं नाही.

भत्ता घेतला, जुन्या भाऊंनी सांगितलं म्हणून. सही करून. रिक्षा आणि दोन मिसळ एवढा होतो.

आणि परवा शेजारचे एक गृहस्थ आले. मृत्युपत्र करतायत, साक्षीदार म्हणून सही कराल का? ही आतून खुणावत होती, नाही म्हणा. मी केली. पण या वेळी सहीखाली घर नंबर, गल्ली, मोबाईल, सगळं लिहिलं. दुसऱ्या साक्षीदारालाही लिहायला लावलं, तो चाळिशीचा आहे.

नाझर_शाखेतला_जुना

जवळची खूण?

सातपूरवाले_काका

मारुती मंदिर. पण कुठलं, ते लिहिलंय.